दिल्लीच्या विमानात अक्काचा तांब्या

मुंबईहून दिल्लीचं विमान सुटलं तेव्हा माझं लक्ष खिडकीबाहेर नव्हतं, अक्काच्या मांडीवरच्या फिरकीच्या तांब्याकडे होतं. सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या घरून निघताना मीच तो उकळलेल्या पाण्याने भरला होता. महिन्यापूर्वी तार आली होती. अक्काचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा बसू, दिल्लीत काविळीने गेला. पिण्याच्या पाण्यातून झाली, असं डॉक्टर म्हणाले. आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे त्याला तिथेच माती दिली होती. समाधीवर घरचं भस्म वाहायला आम्ही बहीणभाऊ निघालो होतो. तिकिटं त्याच्या कंपनीने पाठवली होती.

खाली ढग पिंजलेल्या कापसासारखे पसरले होते. मी दोनदा पाहिले आणि पुन्हा तांब्याकडे वळलो.

हवाईसुंदरीने कागदी पेल्यांतून पाणी आणलं. मुलगी मराठी निघाली. हे पाणी कुठलं, मी विचारलं. विमानतळावर टाकी भरतात, म्हणाली. टाकी कधी धुतात ते तिला ठाऊक नव्हतं. मग वाकून हळूच म्हणाली, "काका, मी स्वतः घरून बाटली आणते."

पलीकडच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ते ऐकलं आणि हातातला पेला खाली ठेवला. ते विजापूरचे. आमचं कानडी ऐकून त्यांनी गोळीपुरतं पाणी मागितलं. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. अक्काने तांब्याच पुढे केला. "तगोळ्री (घ्या)." त्यांनी संकोचत घोट घेतला, तर हिने त्यांच्या बायकोलाही आग्रहाने प्यायला लावलं. तांब्या रिकामा झाला.

पुढे कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाताना अक्काला जोराचा ठसका लागला. मी काही करायच्या आत तिने कागदी पेला रिकामा केला.

"अक्का, ते नको होतं."

"लई भितोस की रे." तिने रिकाम्या तांब्याचं फिरकीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "बसूला तिकडं कुणी असं घरचं पाणी दिलं असतं तर?"

दिल्लीत दोन दिवस राहिलो. समाधीवर भस्म वाहिलं. बाकी दिल्ली म्हणून मला लॉजमधला स्टोव्ह आणि त्यावरचं उकळतं पाणी एवढंच आठवतं.

सोलापूरला परतल्यावरही चैन पडेना. कावीळ काही आठवड्यांनीही दिसते, असं वाचलं होतं. रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून मी अक्काला उजेडात बोलवायचो आणि तिचे डोळे बघायचो. सहाव्या आठवड्यात एकदा ती आपणहून अंगणात आली आणि बोटाने खालची पापणी ओढून उभी राहिली.

"बघ. नीट बघ एकदाचं."

डोळे पिवळे नव्हते. लाल होते, सुजलेले. इतके दिवस मी रोज त्यांत काविळीचा रंग शोधत होतो. ती किती रडत होती, ते मला त्या सकाळी दिसलं.