तिच्या ग्लासातलं जांभूळ

आमच्या घरात वाईन आली ती मुलीमुळे. मुलगी नाशिकला असते. मी शेवगावच्या एसटी डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो आणि त्या दिवाळीत आम्ही नवरा-बायको तिच्याकडे गेलो. जावयांनी ‘चला, द्राक्षांचा मळा दाखवतो’ म्हणून गाडी काढली आणि नेलं ते थेट वाईनच्या कारखान्यात. मळा होता, नाही असं नाही. पण मळ्याच्या अलीकडे एक थंडगार शेड होती, तिच्यात लाकडी पिंपं आडवी रचलेली आणि पुढच्या टेबलावर उंच दांडीचे काचेचे ग्लास मांडलेले.

मी बायकोकडे बघितलं. तिचं माहेर पाथर्डीकडचं, थोरला भाऊ माळकरी, घरात दारूचं नाव काढलं तरी चूळ भरायला लावणारी माणसं. मला वाटलं, आता जावयांची काही धडगत नाही. तिनं मात्र पदर खोचला आणि टेबलामागच्या मुलीला विचारलं, “द्राक्षाचंच हाय ना? मग दाखव.”

ती मुलगी गोड होती. आमच्यासारख्यांना शिकवायची तिला सवय असावी. तिनं सांगितलं, ही भारी अंगाची लाल वाईन, दोन-तीन जातींच्या द्राक्षांची. प्रत्येक जात वेगळी मुरवायची आणि मग मिसळायची. एका जातीचं अंग भरदार असतं, ती जिभेला तुरट धरते. पण तिला एकटीला सोडलं तर ती नुसतीच दांडगाई करते. दुसरीला वास असतो, मिरीचा, फळांचा, पण ती एकटी लवकर संपते. म्हणून दोघींना एकत्र नांदवायचं.

“आमी बाजरीत जवारी घालतो तसं,” बायको म्हणाली. “नुसत्या बाजरीची भाकर दुपारपातूर लाकूड हुती.”

आधी रंग बघायचा, मग ग्लास फिरवायचा, मग नाक आत घालून हुंगायचं आणि शेवटी घोट घेऊन तो तोंडभर फिरवायचा, असा क्रम होता. जावई नाक आत घालून काहीतरी इंग्रजी फळाचं नाव म्हणाले. ते फळ आमच्यापैकी कोणी उभ्या जन्मात बघितलेलं नव्हतं. मला तर नुसता वाईनचाच वास आला. मग त्या मुलीनं बायकोला विचारलं, “आजी, तुम्हाला काय वाटतंय?”

बायकोनं डोळे मिटले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “उन्हाळ्यात दुपारचं जांभळीखाली बसल्यावानी. खाली पडून फुटलेली जांभळं, आन् कुनीतरी लांब चुलीत बाभळ घातलीय.”

मी परत नाक घातलं आणि खरंच, जांभळं होती. बाभळीचा धूरही होता. ती बोलली आणि मला तो वास आला. इतकी वर्षं ही बाई माझ्या शेजारी जेवायला वाढत होती आणि हिच्या नाकात एवढं सगळं आहे, हे मला माहीत नव्हतं.

तिथून आम्ही दोन बाटल्या आणि दोन ग्लास घेऊन आलो आणि आमचा नेम सुरू झाला. आठवड्यातून एकदा, उन्हं उतरली की गच्चीवर दोन खुर्च्या टाकायच्या. पाण्याच्या टाकीची भिंत पांढरी आहे, तिच्यापुढे ग्लास धरून रंग बघायचा. मग मी विचारायचं, “काय वाटतंय?” तिनं सांगायचं आणि मी ते हुंगून शोधायचं. कधी करवंद निघायचं, कधी नव्या चपलेचं कातडं, कधी लोखंडी तव्यावर भाजलेली मिरची. तिखट रश्श्याचा बेत असला की वाईन उरवून जेवायला न्यायची. काळ्या मसाल्यापुढे भल्याभल्या चवी पळून जातात, पण ही भारी अंगाची वाईन मागं हटत नाही, हे माझं ठाम मत आहे. एक बाटली आम्हाला दोन-तीन खेपा पुरायची.

बाटली मी शेवगावात घेत नसे. डेपोच्या माइकवर माझा आवाज इतकी वर्षं वाजलाय की दुकानात ‘एक लाल द्या’ म्हटलं तर रांगेतली माणसं पाथर्डी गाडी लागली का म्हणून मागं वळतील. म्हणून नगरला काही काम निघालं की तिथून आणायची, पिशवीत वर मेथीची जुडी ठेवायची. घरी ती गव्हाच्या कोठीत आडवी राहायची. गव्हात गारवा असतो, अंधार असतो आणि आलेला पाहुणा गव्हात हात घालत नाही.

गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला. आठवडाभर अंथरुणात होती, मग उठली, कामाला लागली. आमच्या संध्याकाळी परत सुरू झाल्या. एक फरक पडला, पण मला तो चांगला वाटला. ती आता जास्त सांगायला लागली. पूर्वी डोळे मिटून थांबायची, आता ग्लास नाकाशी नेला की लगेच बोलायची. काळं मनुकं, लवंग, तंबाखूचं पान, भाजलेली कॉफी. कॉफी तर आमच्या घरात कोणी पीत नाही. मला काही ते सगळं सापडायचं नाही, पण अर्धं सापडायचं आणि मी मनातल्या मनात तिची पाठ थोपटायचो. मुलीला फोनवर सांगायचो, तुझ्या आईला नाशिकला नोकरीला घ्या म्हणावं.

मग तिचा थोरला भाऊ आला, तो माळकरी. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं आणि पाथर्डीहून हेलपाटे नकोत म्हणून आमच्याकडे राहिला. तो यायच्या आदल्या दिवशी घराची सफाई झाली. बाटली कोठीत आणखी खोल गेली आणि दोन्ही ग्लास बायकोनं पत्र्याच्या पेटीत ठेवले, तिच्या लग्नातल्या शालूच्या घडीत. भाऊ आला, डोळ्याला हिरवी पट्टी बांधून ओट्यावर बसला, आम्हाला भजनं ऐकवली आणि बरा होऊन गेला. माणूस सज्जन आहे. पण तो जीपमध्ये बसला तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि ती पदर तोंडाला लावून हसली.

त्याच संध्याकाळी खुर्च्या टाकल्या. बाटली नवी होती. तिनं पेटीतून ग्लास काढून आणले, पदरानं पुसले. मी वाईन ओतली. टाकीपुढे धरून रंग बघितला, फार सुंदर गडद रंग होता, कडेला किंचित जांभळट. तिनं ग्लास फिरवला, नाकाशी नेला.

“काय वाटतंय?” मी विचारलं.

“जांभूळ चांगलं आलंय,” ती म्हणाली. “आन् मागून तंबाखूच्या पानाचा वास. लई छान हाय ही.”

मी माझा ग्लास नाकाशी नेला आणि मान झटकन मागं घेतली. डांबर गोळ्या! शालूला कसर लागू नये म्हणून पेटीत मूठभर टाकलेल्या, त्यांचा वास ग्लासात असा बसला होता की खाली वाईन आहे का रॉकेल ते कळू नये. मी परत हुंगलं. मग तिच्या हातातला ग्लास घेऊन हुंगला. तोही तसाच.

मला कुठलीही गोष्ट नवी दिसली की आधी रागच येतो. तसा तो आला. ही माझी थट्टा करतेय असं वाटलं.

“परत हुंग,” मी म्हणालो.

“हुंगलं की.”

“मग काय वाटतंय?”

“सांगितलं ना, जांभूळ...”

“अगं, डांबर गोळ्यांचा वास मारतोय! डोकं उठलं माझं.”

ती माझ्या हातातल्या ग्लासाकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, “येतोय व्हय?”

माझा राग तिथंच गळून पडला. दोन्ही ग्लास मी कठड्यावर ठेवले. 

“कधीपासून?” मी विचारलं.

“तापापासनं. आज यील, उद्या यील म्हनत ऱ्हायले. कायच येत न्हाई. उदबत्तीचा न्हाई, फोडनीचा न्हाई.”

मग मला सगळं दिसायला लागलं. दूध तापत असताना ती ओट्याशी उभी असायची, हलायची नाही. भाजीची जुडी माझ्यापुढे धरून म्हणायची, “बघा बरं, शिळी न्हाई ना?” मला वाटायचं, माझं मत घेतेय. मध्यंतरी मुलीकडे नातवाच्या बारशाला गेलो तेव्हा तिनं बाळाच्या टाळूला नाक लावलं होतं आणि बराच वेळ तशीच बसली होती. मी म्हणालो होतो, पुरे आता, बाळ रडेल. ती काय शोधत होती ते मला आत्ता कळलं आणि माझे डोळे भरून आले. मी पंच्यानं पुसले. लपवलं नाही.

“मग ते मनुकं, लवंग, कॉफी? ते कुठून आणलंस?”

तिला थोडं हसू आलं. “बाटली आली की तिचा फोटू काढून पोरीला पाठवायचे. मागं इंग्रजीत लिवलेलं असतं, कसला कसला वास हाय ते. ती वाचून सांगायची.”

“तिला काय सांगितलं होतंस?”

“तुज्या बापाला हरवायचंय म्हन्लं.”

मीही हसलो. मग विचारलं, जे विचारायचं होतं ते. “मला का नाही सांगितलंस? डॉक्टरकडे गेलो असतो. मी काय परका आहे?”

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“आवो, तुमी जन्मभर माइकवर बोलत आलात. घरीबी तसंच. गाडी लागली, गाडी सुटली, जेवाया वाढ, दार लाव. मी काय वाईट म्हनत न्हाई, तुमी वाईट न्हाईत. पर ह्या बाटलीपायी तुमी मला पयल्यांदा इचारलं, काय वाटतंय म्हनून. आन् मी सांगंपातूर गप बसून ऱ्हायलात.” ती थांबली. “वासच येत न्हाई म्हन्ले आस्ते, तर मग इचारायला काय उरलं आस्तं?”

  मी तिचा हात हातात घेतला. गच्चीवर, उजेडात, शेजारच्या गच्चीवर वाळवण काढणाऱ्या बायका बघत असताना. तिनं तो सोडवून घेतला नाही.

नगरच्या डॉक्टरांनी नाकात नळी घालून बघितलं. म्हणाले, तापानं नाकातल्या नसांना धक्का बसलाय. येईल, हळूहळू येईल. कधीकधी येतही नाही. रोज सकाळी लवंग, लिंबाची साल, निलगिरी असं एकेक हुंगायला सांगितलं, मन लावून. ती हुंगते. मी समोर बसतो. अजून तरी काही आलेलं नाही आणि ते येईल असं मी तिला रोज सांगत नाही. सुरुवातीला सांगायचो, मग तिनंच थांबवलं.

मला वाटलं होतं, आता आमची वाईन संपली. तिला ज्यातलं काही मिळत नाही ते तिच्यापुढे बसून मी कसं प्यायचं? दोन-तीन आठवडे मी कोठीकडे फिरकलो नाही. संध्याकाळी ओट्यावरच बसायचो, बातम्या लावायचो. मग एक दिवस उन्हं उतरली आणि वरून खुर्च्या ओढल्याचा आवाज आला. वर गेलो तर ती बसलेली. गहू झाडून काढलेली बाटली शेजारी आणि ग्लासांच्या ऐवजी स्टीलचे दोन पेले.

मी ओतली. पेल्यात रंग काही दिसत नव्हता. तिनं घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. मीही घेतला. भरदार होती, तुरट, मागं गळ्याशी ऊब ठेवून जाणारी. करवंदं होती आणि किंचित भिजलेलं लाकूड. हे सगळं एकट्याच्याच नाकात घेऊन बसण्याची मला लाज वाटत होती, म्हणून मी खाली बघत राहिलो.

ती वाट बघत होती. माझ्या उशिरा लक्षात आलं.

“काय वाटतंय?” मी विचारलं.

तिनं डोळे मिटले. पूर्वी मिटायची तसे, घाई न करता. मी गप्प बसून राहिलो.

“कायच न्हाई,” ती म्हणाली. “जिभंला तुरट लागतंय, बाकी समदं रिकामं. लई भ्या वाटतं कवाकवा.” तिनं डोळे उघडले आणि पेला माझ्यापुढे केला. “वता अजून थोडी. आन् इचारा परत.”