सांडपाण्याचा मोगरा

वाशिंदच्या टेकडीवर मोठी सोसायटी उभी राहिली आणि खाली उतारावर शेत असलेल्या राहीला तिथे बागकामाची नोकरी लागली. भातकापणी उरकली की तिचं शेत मोकळंच पडायचं. होळीच्या सुमाराला विहीर तळ दाखवायची. भातसा धरणाचं पाणी जवळूनच मुंबईला जायचं, पण ते शेताला मिळेल असं कुणाच्या मनातही येत नसे.

सोसायटीत मात्र एक गोष्ट तिला रोज खटकायची. बागेसाठी फाटकातून टँकर आत यायचा आणि त्याच वेळी मागच्या भिंतीतून पाइपभर पाणी ओढ्यात सांडायचं. इमारतींचं सांडपाणी होतं ते, सोसायटीच्या प्लांटमध्ये शुद्ध करून सोडलेलं.

एके सकाळी तिनं प्लांटवरच्या साईनाथला विचारलं, "दादा, या पान्यात खोट काय हाय?"

"खोट काय नाय गो. लोकांना किळस वाटते. बागेला नको, फ्लशलाही नको म्हणतात."

"मग मला दे. माझं शेत खालीच हाय."

साईनाथ आधी हसला. मग भिंतीवरून वाकून त्यानं खालचं शेत नीट पाहिलं आणि तिला अनिता मॅडमकडे घेऊन गेला.

अनिता मॅडम सोसायटीच्या अध्यक्षा. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पाणी तपासणीला पाठवलं आणि निकाल आल्यावर स्वतः बांधावर आल्या. "पाणी चांगलं आहे. पण काकडी-टोमॅटो नको, राही. कच्चं खातात लोक. फुलं लाव."

राहीनं मोगरा लावला. पाइप उतारावरूनच आला, पंपाची गरज पडली नाही.

गावात मात्र गहजब झाला. "संडासाच्या पान्यावर फुलं लावली," असं पाणवठ्यावर बायका बोलू लागल्या. सगळ्यात कडक होती तिची सासू मैना. "त्या फुलांना माझा हात लागायचा नाय," तिनं बजावलं, "आनि गावदेवीच्या देवळात तर ती न्यायचीच नाय." राही दुपारी कामावरून आली की आळी करायची, पाणी सोडायची.

पहिल्याच उन्हाळ्यात पानांच्या कडा करपल्या. आता गावाला आयतंच बोलायला मिळालं. राही मूठभर पानं घेऊन टेकडी चढली. साईनाथनं पानं उलटसुलट करून पाहिली. "क्लोरीन जास्त होतंय झाडाला. मी बेतानं टाकतो. तूही पानी थेट सोडू नको, आधी खड्ड्यात साठव. उन्हात एक-दोन दिवस राहिलं की क्लोरीन उडून जाईल."

नवरा धनेश कारखान्यात होता. त्यानं रजा टाकली आणि दोघांनी मिळून शेततळं खणलं. नवी पानं फुटली ती हिरवीगार, तकतकीत.

दुसऱ्या उन्हाळ्यात मोगरा असा बहरला की पहाटे वास घरापर्यंत यायचा. कल्याणच्या बाजारात टोपली खाली ठेवायच्या आत व्यापारी विचारायचा, "उद्याही आणशील ना?"

चैत्रात गावदेवीची पालखी आली. त्या साली सगळ्यांच्याच विहिरी लवकर आटल्या होत्या, झेंडू जागेवरच वाळून गेला होता. पालखीच्या सकाळी राही कळ्या खुडत असताना मैना बांधावर येऊन बसली. मोगरा लावल्यापासून पहिल्यांदाच.

राही खुडता खुडता म्हणाली, "आई, भाताला आपुन शेन घालतो ना?"

"घालतो."

"त्याच भाताचा निवद देवीला चालतो."

मैनानं लुगड्याचा ओचा खोचला आणि वाफ्यात उतरली. "कळ्या अशा ओरबाडू नको," ती म्हणाली, "देठासकट घे. हार मी करते."

पालखी निघाली तेव्हा देवी मोगऱ्यानं झाकून गेली होती. मैना सगळ्यांत पुढे चालत होती आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला मान ताठ करून सांगत होती, "आमच्या शेतातला हाय. सुनेनं पिकवला."

पालखी सोसायटीच्या फाटकापाशी थांबली, तेव्हा फ्लॅटवाल्या बायकांनी फुलं कुठली म्हणून विचारलं. अनिता मॅडमनी प्लांटकडे बोट दाखवलं. त्याच आठवड्यात त्यांनी सभा बोलावली आणि राहीला पुढे उभं केलं. तिनं मोगऱ्याची टोपली टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाली, "वास घेऊन बघा. याच पान्याचा हाय."

टोपली हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत गेली. आधी हे पाणी बागेला वापरायचा ठराव झाला, पुढच्या सभेत फ्लशचा. बागेचा टँकर बंद झाला, तरी राहीच्या शेताला पुरेल इतकं पाणी उरतच होतं. मग शेजारच्या सोसायटीनंही आपलं शुद्ध केलेलं पाणी ओढ्यात सोडायचं थांबवलं आणि खालच्या शेतांसाठी दुसरी लाइन टाकली.

त्या लाइनचा कॉक उघडायचा मान गावानं राहीला दिला. तिनं दोन्ही हातांनी तो फिरवला. पाइप आधी नुसताच फुसफुसला, मग पाणी उसळून बाहेर आलं आणि धूळ भिजवत शेजारच्या सुनिलच्या वाळलेल्या शेतात शिरलं. बायका फावडी घेऊन पाण्याच्या पुढे धावत होत्या, त्याला वाट करून देत होत्या. राहीनं पदर खोचला आणि तीही त्यांच्यात जाऊन मिसळली.