बदली साडूभाऊ

जगात स्वतःखेरीज बाकी सगळ्यांचं काम उत्तम करू शकणारा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे माझे थोरले साडू. नव्वद सालाच्या आसपास मुंबईतली बिऱ्हाडं उचलून भाईंदरला आलेल्या आम्ही काही नोकरदारांनी हौशी नाटकमंडळी काढली होती. तिच्यात हे कायमचे बदली नट, आणि माझ्यामुळे सगळ्यांचेच साडूभाऊ. तालमीला कुणी आलं नाही की त्याच्या जागी उभे राहायचे. नुसते संवाद नाहीत, त्या माणसाचा खोकलासुद्धा बरोबर आणायचे. एकदा नवरीचं काम करणारी मुलगी आली नाही, तर टकलावरून टॉवेलचा पदर घेऊन असे लाजले की दिग्दर्शकाने दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, साडूभाऊ लाजले तशी लाज. घराबाहेरही तेच. गावी जाताना शेजाऱ्याने सोसायटीच्या सभेपुरतं आपलं मत यांच्यावर सोपवलं, तर यांनी त्याच्या वतीने पाण्याच्या टँकरला इतका कडाडून विरोध केला की टँकर रद्दच झाला. घरी त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या ताईंनी, रिकाम्या बादल्या पुढ्यात ठेवल्या तेव्हा म्हणाले, माझं मत टँकरच्या बाजूनेच होतं, पण ते कुणी विचारलंच नाही.

खऱ्या प्रयोगात उभं राहायची संधी मात्र येईना. अखेर गणपतीतल्या प्रयोगाला, वडिलांचं काम करणारा आमचा, जवळच्याच मुर्धा गावचा मुख्य नट तापाने आडवा झाला. साडूभाऊ उभे राहिले आणि पहिला अंक असा रंगला की पहिल्या रांगेतल्या ताई नवऱ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तशा पाहत राहिल्या. तेवढ्यात ताप उतरलेला मुख्य नट स्कूटरवरून आला, कुणाला न विचारता मिशी चिकटवली आणि दुसऱ्या बाजूने थेट रंगमंचावर शिरला. एका घरात दोन वडील. नायिकेची आई कुणाला 'अहो' म्हणावं ते न कळून दोघांनाही म्हणाली. मुख्य नट गोंधळून सरळ घरच्या बोलीत विचारता झाला, "तू कोन हाय?"

साडूभाऊंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग हळूच आपली मिशी काढून खिशात घातली आणि वाकून म्हणाले, "दादा, तुमचा धाकटा भाऊ. तुम्ही नव्हतात, म्हणून घर सांभाळत होतो."

मांडव टाळ्यांनी दणाणला. लोकांना वाटलं, नाटक असंच आहे. नाटक दिग्दर्शकानेच लिहिलेलं असल्यामुळे पुढच्या प्रयोगासाठी त्याने हा धाकटा भाऊ कायमचा घातला आणि काम अर्थातच साडूभाऊंना दिलं. तिथेच सगळं बिनसलं. पाठ केलेली वाक्यं आठवेनात, हातांचं काय करायचं ते कळेना. एका तालमीत मधेच थांबून त्यांनी मला विचारलं, "हे काम मूळ कोण करतं हो?"

"तुम्हीच."

"मग मी कुणासारखं करू?"

आठवडाभराने त्यांनीच विनंती केली की आपल्याला पुन्हा बदलीवर ठेवावं, आणि ते काम माझ्याकडे आलं. गणपतीतल्या त्या संध्याकाळचं त्यांचं उभं राहणं, वाकणं, 'दादा' म्हणतानाचा तो आवाज, सगळं मी जसंच्या तसं उचललं. प्रयोगानंतर माझं बरंच कौतुक झालं. साडूभाऊही आत येऊन मनापासून हात दाबून गेले.

"छान केलंत," ते म्हणाले. "तो भाऊ कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. पण कुठे, ते काही आठवत नाही."