ग्रँड म्हटलं आणि राजा झालो

आयर्लंडमध्ये आल्यावर पहिल्या महिन्यात मी एक शब्द शिकलो आणि त्याच्यावर पुढची कित्येक वर्षं काढली. ग्रँड. बस चुकली, ग्रँड. पाऊस आला, ग्रँड. मॅनेजरनं शुक्रवारी संध्याकाळी काम काढलं, तरी ग्रँड. माझं ऑफिसही ग्रँड कॅनाल डॉकला, म्हणजे शब्द पत्त्यातच आलेला. फक्त त्यातली एक खोच मला कुणी सांगितली नव्हती. चहा घेणार का, असं विचारल्यावर नुसतं ‘ग्रँड’ म्हटलं तर चहा येतो. ‘आय अ‍ॅम ग्रँड’ म्हटलं तर येत नाही, कारण त्याचा अर्थ, नको हो, माझं बरं चाललंय. सुरुवातीचे ते दोन चिमुकले शब्द मी गिळले आणि फ्रान्सचा राजा झालो.

त्याचं असं झालं. ज्या मार्चमध्ये बर्फ पडला आणि अख्ख्या डब्लिनमधला पाव संपला, त्या वर्षीची गोष्ट. मुलगी बारा वर्षांची होती. ब्युमॉन्टमधल्या आमच्या घराजवळच्या एका हॉलमध्ये ती लहानपणापासून बॅले शिकत होती. या कलेतलं माझं योगदान म्हणजे गाडी चालवणं आणि कोट सांभाळणं. बॅलेच्या बाई साठीच्या, ताठ, आणि पालकांकडे छत्रीच्या स्टँडकडे बघावं तसं बघणाऱ्या. जूनमधल्या कार्यक्रमात त्यांनी बॅलेचीच गोष्ट करायची ठरवली होती. फ्रान्सच्या दरबारापासून आजपर्यंत. मुली भरपूर होत्या, राजा नव्हता. एके दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, राजा व्हाल का? मला सभ्यपणे नाही म्हणायचं होतं. मी म्हणालो, “ग्रँड.” बाई ‘लव्हली’ म्हणाल्या आणि गेल्या.

गाडीत बसल्यावर मुलीनं विषय काढला. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते आयरिश हेल काढलेल्या इंग्रजीत. मी ते इथे मराठीत देतोय, त्यानं अपमान जरा मऊ होतो. ती म्हणाली, तू ते करणार. मी विचारलं, ते म्हणजे काय? ती म्हणाली, गणपतीत करतोस ते.

आमच्या मंडळाच्या गणपतीत दरवर्षी एक नाटुकलं असतं आणि त्यात मी दरवर्षी पडतो. कधी खुर्चीवरून, कधी धोतरात पाय अडकून. लोक हसतात, मला बरं वाटतं. खरं सांगायचं तर घाबरलो की मी लोकांना हसवतो, आणि स्टेजवर मी कायमच घाबरलेला असतो.

“तुझ्यानंतर लगेच मी आहे,” ती म्हणाली. “एकटी. पॉइंटवर, पहिल्यांदा. ते तुला हसत असतील तर मी येईन तेव्हाही हसतच असतील.” मग खिडकीबाहेर बघत, “प्लीज, बाबा. डोन्ट बी फनी.”

पॉइंट म्हणजे टणक टोकाचे ते बूट घालून पायाच्या अंगठ्यांवर उभं राहणं. बाईंनी तिचे घोटे नीट तपासून त्या वर्षी कुठे परवानगी दिली होती. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या प्रेसचं, म्हणजे इथल्या बोलीत कपाटाचं, हँडल धरून ती चढायची, उतरायची. बोटांना पट्ट्या, चेहऱ्यावर काही नाही. आणि या सगळ्याच्या आधी स्टेजवर कोण, तर मी.

तालमी सुरू झाल्या. बाई मला नावानं हाक मारत नसत. त्यांच्या लेखी मी ‘युअर मॅन’ होतो, आपल्याकडे ‘तो हा’ म्हणतात ना, तसा. युअर मॅन पडद्याजवळ उभा राहील, युअर मॅन पोट आत घेईल. पण गोष्ट त्यांनी झकास सांगितली. बॅले आली इटलीच्या दरबारांतून, फ्रान्समध्ये वाढली, आणि तिथला एक राजा स्वतः सूर्य बनून नाचायचा. पायांच्या पाच जागा तिथे ठरल्या, म्हणून आजही डब्लिनच्या उत्तरेला पोरींना फ्रेंचमध्ये ओरडा बसतो. तेव्हा टाचेचे बूट, जडजड कपडे, आणि बायकांची कामंही पुरुषच करायचे. हे ऐकून मला बालगंधर्वांच्या काळाचा अभिमान उगाच वाटून गेला. मग बायका आल्या. कुणीतरी बुटांची टाच काढून टाकली, घेर आखूड केला, पावलं दिसायला लागली. आणि त्यानंतर शंभरेक वर्षांत नाचणारी अंगठ्यावर चढली. राजाचं काय झालं, मी विचारलं. बाई म्हणाल्या, वजन वाढलं आणि नाचणं सुटलं. म्हणजे त्यानं जिथे संपवलं तिथून मी सुरुवात करत होतो.

मला नाचायचं नव्हतंच. चालत यायचं, पाय बाहेरच्या बाजूला वळवून पुढे टाकायचा, वाकायचं, आणि हात पुढे करून मुलीला बोलवायचं. पाय खुब्यातून वळव, गुडघ्यातून नाही, असं मुलगी सांगायची. माझ्या खुब्याला ही बातमी नवीन होती.

तेव्हा आई अमरावतीहून आली होती. राजाच्या कोटाची बटणं आणि काजं यांची भेट होत नाही हे पाहून तिनं दोन्ही शिवणी उसवल्या आणि माझ्या लग्नातल्या उपरण्याचे काठ मध्ये घातले. मग सोफ्यावर बसून माझी चाल पाहिली.

“असा काहून पळून रायला बे? मांगं कुत्रं लागल्यावानी,” ती म्हणाली. “राजाले कायची घाई? त्याच्यासाठी लोकं थांबतेत. तू थांब, मंग लोकंबी थांबतीन.”

मुलीनं विचारलं, आजी काय म्हणाली? वऱ्हाडी तिला पुरती कळत नसे. मी भाषांतर केलं. ती म्हणाली, आजी बरोबर आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. माझ्या डोक्यावर पुठ्ठ्याचा सोनेरी सूर्य, किरणांसकट. तुतारी वाजली, मी निघालो, आणि स्टेजच्या मध्यावर येतो न येतो तोच एक किरण सुटून नाकासमोर लोंबायला लागला. कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी कुणी. पुढचं मला पाठ होतं. त्या किरणावर फक्त एक फुंकर, आणि सगळा हॉल माझा. ओठांचा चंबू झालासुद्धा.

पडद्याआड मुलगी उभी होती. माझ्याकडेच बघत होती. तिनंही तो चंबू पाहिला असणार.

मी तोंड मिटलं आणि थांबलो. राजाले कायची घाई. किरण नाकाशी हलत राहिला, मी हललो नाही. हसू थोडा वेळ इकडेतिकडे फिरलं आणि सोबत न मिळाल्यानं बसलं. मग मी खुब्यातून, शपथेवर सांगतो, खुब्यातून पाय वळवला, वाकलो, हात पुढे केला.

ती आली. बुटांच्या टोकांची टकटक ऐकू आली, मग थांबली. म्हणजे चढली. राजानं प्रेक्षकांकडेच बघायचं असा बाईंचा हुकूम होता, त्यामुळे माझ्या मुलीचा पहिला पॉइंट मी पाहिलाच नाही. मी दुसऱ्या रांगेतली आई पाहिली. ती खुर्चीत हळूहळू उंच होत होती, जणू तिच्याही टाचा उचलल्या जात होत्या. टकटक पुन्हा सुरू झाली तेव्हा आई खाली बसली आणि टाळ्या वाजवायला लागली, सगळ्यांच्या आधी.

नंतर बाहेर चहा-बिस्किटं होती. आई म्हणाली, पोट्टी तं हवेतच होती, अन तूबी त्या मोडक्या सूर्यासंगं बरा उभा रायला. माझ्या नाकासमोरचा किरण मुलीनं हलक्या हातानं काढला आणि स्वतःच्या अंबाड्यात खोचला.

तेवढ्यात बाई आल्या. पुढच्या वर्षी एक म्हातारा जादूगार हवाय, युअर मॅन करेल का? आता मी शहाणा झालो होतो. सगळे शब्द जागच्या जागी ठेवून म्हणालो, “आय अ‍ॅम ग्रँड.”

मुलीनं तोंडातलं बिस्किट गिळलं.

“ही मीन्स ग्रँड,” ती बाईंना म्हणाली.

बाई ‘लव्हली’ म्हणाल्या आणि गेल्या.