क्वार्टरच्या दारात अडकलेला खेळाडू

"रेखा, तुझ्या लेव्हलमध्ये खेळाडू अडकतोय," निखिल सर पुण्याहून कॉलवर म्हणाले. "एका टेस्टरचा लॉग बघ. दारासमोर अकरा मिनिटं. वेग शून्य."

सर माझे मॅनेजर. लॉग म्हणजे खेळाडू कधी कुठं होता याची आपोआप होणारी नोंद. मी मोबाईल गेम्सची प्रोग्रामर, बुऱ्हाणपूरला बुधवारा मोहल्ल्यातल्या घरून काम करते. आमच्या गेममध्ये सायकलवरून पार्सलं पोचवायची असतात. एक लेव्हल माझ्याकडे होती. तिच्यात मी पेपर मिलची कॉलनी उभी केली. अप्पा, म्हणजे माझे वडील, त्या मिलमध्ये होते. माझं लहानपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. आता ते क्वार्टर पाडलेत. आई त्याआधीच गेली. त्यामुळे नळ, कपड्यांची तार, हिरवं दार, अंगणातला कडुनिंब, सगळं आठवून आठवून केलेलं.

गेममध्ये भिंतीला, दाराला, पायरीला न दिसणारे खोके घातलेले असतात. खेळाडूचाही एक खोका असतो. खोक्याला खोका लागला की खेळाडू थांबतो. याला कोलिजन म्हणतात. ही तपासणी सेकंदाला कितीतरी वेळा होते. फोन दमला की ती विरळ होते. मग खेळाडू एका उडीत पायरीच्या आत घुसतो आणि रुतून बसतो.

आणि फोनला सगळ्यात जास्त दमवते ती सावली. कारण पडद्यावरच्या प्रत्येक चित्राच्या आधी सगळं दृश्य सूर्याच्या जागेवरून एकदा पाहावं लागतं. सूर्याला जे दिसत नाही, ते सावलीत. आमचा सूर्य सरकणारा, आणि कडुनिंबाला पानं किती!

दोन दिवस मी त्या दारावर सायकल आपटली. सरळ, तिरकी, उलटी. पायरीचा खोका लहान केला. एकदाही अडकले नाही.

"झाडाची सावली काढून टाक," सर म्हणाले.

"सर, सावलीशिवाय ते अंगण आमचं वाटतच नाही."

"शुक्रवारी रिलीज आहे, रेखा."

काढली. दुसऱ्या दिवशीचा लॉग स्वच्छ. "बघ, गेला ना बग!" सर खूश. मी त्या बगचं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद केलं.

संध्याकाळी चहाच्या वेळी अप्पा फोन घेऊन आले. स्वस्तातल्या फोनवर गेम कसा चालतो हे कळावं म्हणून मी त्यांच्या फोनमध्येही तो टाकून दिला होता. त्यांचा लॉगही टेस्टरांच्या लॉगमध्येच पुण्याला जायचा.

"ते निंबाचं झाड तोडलं का तू?"

"नाही अप्पा, आहे की."

"मंग सावली कुठं गेली त्याची?"

"अप्पा, दारासमोर अडकला होता तो खेळाडू तुमचा का?"

"अडकतो कशाला? मी तं उभा होतो. सावली उंबऱ्याला टेकली की तुझी आई गहू निवडायला बाहेर बसायची. शिफ्ट सुटून मी आलो की ती तिथंच दिसायची. म्हटलं, सावली येऊन राहिली, थांबू जरा." मग हळूच म्हणाले, "ते दार नाही उघडत ना?"

"नाही अप्पा. आत काही बनवलंच नाही मी."

खरं तर आतलं सगळं मला आठवत होतं. चुलीशेजारची भांड्यांची मांडणीसुद्धा. ते बनवायला बसले की हात चालत नव्हता, एवढंच.

मी सरांना फोन केला. "सर, तो बग नव्हता. माझे वडील उभे होते."

"मग आता?"

"सावली बेक करते." म्हणजे सावली एकदाच मोजून जमिनीवर रंगवून टाकायची. फोनला काही भार नाही. पण रंगवलेली सावली हलत नाही, म्हणून सूर्यही एका जागी थांबवावा लागतो.

"किती वाजता थांबवणार?"

"पाच. संध्याकाळचे."

"म्हणजे त्या लेव्हलमध्ये कायम पाचच वाजलेले?"

"हो सर."

"बरं. शुक्रवार चुकवू नको."

चुकला नाही. सावली उंबऱ्याला टेकलेली, तशीच राहिली. अप्पा रोज चहानंतर तिथं जाऊन येतात. पार्सल अजून एकही पोचवलेलं नाही.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. लॉगमध्ये वेग शून्य दिसला की कोड उघडण्याआधी त्या माणसाला विचारायचं, तुम्ही अडकलात की थांबलात?