खुंटीवरची याडी

सिद्धेश्वर धरणाजवळच्या बंजारा तांड्यावर चंदाबाई तव्यावरची भाकरी उतरवायची आणि पुतण्यापुढे धरायची.

"बघ प्रेमदास, दोन डोळे, वाकडं नाक. तुझ्या काकाचं तोंड!"

सगळं घर हसायचं. प्रेमदास भाकरीकडे नीट बघून म्हणायचा, "करपली हाय."

पोरांना समोरून येणारी एसटी हसताना दिसायची. प्रेमदासला दोन दिवे आणि जाळी दिसायची. पंधराव्या वर्षी नांदेडच्या डॉक्टरांनी ऑटिझम असं नाव सांगितलं. ते त्याच्या आईच्या, रूपाबाईच्या, जिभेवर काही बसलं नाही. आपला लेक माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, हे तिला आधीपासून ठाऊक होतं. पण आपल्याला तो ओळखतो, याबद्दल तिला कधी शंका आली नव्हती. याडी, म्हणजे आई, अशी हाक मारत तो दिवसभर तिच्या मागे असायचा.

दोन हजार चार साली तिच्या लेकीनं, पूजानं, हिंगोलीत घर बांधलं. जेवणाला जावयाच्या कचेरीतली माणसं येणार होती. रूपाबाई नेहमीसारखी फेटियाचा घेरदार घागरा घालून, आरशांची ओढणी घेऊन प्रेमदाससोबत गेली. पूजानं दारातच साडी पुढे केली.

"याडी, आजच्या दिवस. लोक बघून राहिलेत."

रूपाबाईनं आतल्या खोलीत साडी नेसली, फेटिया आणि ओढणी खुंटीला टांगली आणि पोळ्या लाटायला गेली.

पंगत बसली तरी प्रेमदास येईना. तो खुंटीखाली बसला होता, ओढणीचं टोक मुठीत धरून.

"चल लेकरा, जेवायला."

"याडी आली की."

"अरे, मीच न्हाई का?"

त्यानं मान कलती करून ऐकलं. "आवाज बराबर हाय," तो म्हणाला आणि पुन्हा ओढणीकडे वळला.

रूपाबाई तिथंच खाली बसली. पीठ लागलेले हात मांडीवर ठेवून तिनं त्याच्याकडे पाहिलं. पंधरा वर्षं त्याला भरवताना, न्हाऊ घालताना आपलं तोंड त्याच्यासमोरच तर होतं.

दारातून पूजा दबक्या आवाजात म्हणाली, "राहू दे त्याला. ताट इथंच आणते."

"ताट नको आणू."

रूपाबाई उठली. तिनं खुंटीवरची ओढणी काढली आणि साडीवरूनच डोक्यावर घेतली. आरसे लखलखले. प्रेमदास लगेच उठला आणि ओढणीचं टोक न सोडता तिच्यामागून बाहेर आला.

पंगतीतल्या बायका बघत राहिल्या. एकजण म्हणाली, "हे काय नवीन?" पूजाची मान खाली गेली. रूपाबाईनं लेकाला पानावर बसवलं आणि त्याला वाढलं.

पुढं तांड्यावरच्या बायका एकेक करून साडीत आल्या. रूपाबाईही आली, पण ओढणीसकट. त्यावरून चंदाबाई तिची थट्टा करायची. एकदा तिनं भाकरी पुढे धरली.

"हे बघ प्रेमदास, ही तर तुझी याडीच!"

त्यानं भाकरी उलटी करून पाहिली.

"आरसे कुठं हायत?"