लंबूच्या कोटाचं अस्तर

तीस वर्षं सिगारेट ओढणाऱ्या माणसाचं नाक म्हणजे चष्मा टेकवायची जागा, त्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. ब्रशकाकांचंही तसंच होतं. लॉन्ड्रीत ते कपड्यांवरचे डाग काढायचे, पण ते डोळ्यांच्या आणि बोटांच्या भरवशावर. जाड, आखूड मिशीमुळे त्यांना ब्रश हे नाव पडलं आणि वयामुळे पुढे काका लागलं. ती मिशीही मधोमध धुरानं पिवळी पडलेली. साऱ्या गावाच्या कोटांचे डाग काढतात आणि स्वतःच्या मिशीचा काढता येत नाही, हा विनोद दुकानात सगळ्यांचा करून झाला होता. मालकीणबाईंचा तर दोनदा.

दुकानाची एक पद्धत होती. आलेल्या प्रत्येक कपड्याला एक लांबट चिठ्ठी लागायची. तिच्या वरच्या अर्ध्यावर ब्रशकाका लिहायचे, डाग कसला, कुठे आणि किती दिवसांचा. ‘शाई. उजवा खिसा. महिन्याची.’ खालच्या अर्ध्यावर निकाल लिहायचा. निकाल तीनच होते : जाईल, फिकट होईल, राहील. तो खालचा तुकडा फाडून काउंटरवर जायचा, म्हणजे गिऱ्हाईक नंतर डोकं खायला येत नसे. वरचा तुकडा कपड्याला टाचलेला राहायचा आणि वरच्या मजल्यावर इस्त्री करणारा लंबू तो काढून टाकायचा.

लंबू खरोखरच ताडमाड होता. वरच्या मजल्याचं छत त्याच्या डोक्याला लागायला चार बोटं कमी पडायची. बावीस वर्षं तो आणि ब्रशकाका दिवसातून चार वेळा मागच्या दाराशी सिगारेट ओढायला उभे राहिले होते. मुलांची आजारपणं, मेहुण्यांचे प्रताप, मालकीणबाईंचा आवाज, सगळं त्या दाराशी बोलून झालं. सख्ख्या भावाशी नसेल इतकं त्यांचं गूळपीठ होतं.

मग ब्रशकाकांना जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागायला लागलं. डॉक्टर तोंडदेखलं बोलणाऱ्यातले नव्हते. “आता सोडलीत तर आहे तेवढं टिकेल,” ते म्हणाले. “नाही सोडलीत तर दोन वर्षांनी नाकाला नळी लावून खिडकीत बसाल.”

याआधी त्यांनी दोनदा सोडली होती. एकदा तिसऱ्या दिवशी आपटले, एकदा नवव्या. लोकांना वाटलं, तलफ आवरली नाही. तलफेचं काय, ती येते, थयथयाट करते आणि पाच मिनिटांत निघून जाते. ब्रशकाकांना पाडलं ते विचारांनी. तुझ्याने होणार नाही. आजवर तू काय शेवटाला नेलंस? चिडचिडा झाला आहेस, घरातल्यांना नकोसा झाला आहेस, एक पेटव म्हणजे सगळ्यांची सुटका होईल. जळायचं ते जळून गेलंय, आता सोडून काय मोठे दिवे लावणार? हे विचार पाच मिनिटांत जात नव्हते. ते सकाळी त्यांच्याबरोबर उठायचे आणि दुकानापर्यंत सोबत करायचे.

हे त्यांनी लंबूला सांगितलं. लंबूनं हातातली सिगारेट अर्धी असतानाच विझवली.

“तू सोड. मी पण सोडतो.”

“तुला काय धाड भरली आहे?”

“मला काही नाही झालं. पण तू आत आणि मी एकटा दाराशी, हे काय बरं दिसतं?”

कोणी आपल्यासाठी एवढं करेल असं ब्रशकाकांना वाटलं नव्हतं, आणि त्यांनी ते लंबूला तोंडावर सांगितलंसुद्धा. दोघांनी आपापली पाकिटं कपडे भिजवायच्या बादलीत बुडवली.

चिठ्ठ्यांची कल्पनाही लंबूचीच. “विचार आला की तोंडानं सांगायला येऊ नकोस,” तो म्हणाला. “बोलायचं म्हटलं की आपले पाय सवयीनं दाराकडेच वळणार. तू लिही. डाग लिहितोस ना, तसाच लिही. निकाल मी देतो.”

पहिल्या दिवशी ब्रशकाकांनी एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलं, ‘तुझ्याने होणार नाही. छातीत. शाळेत असल्यापासूनचा.’ धुतलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वरच्या सदऱ्याला त्यांनी ती टाचली आणि गठ्ठा वर गेला. तासाभरानं रिकाम्या हँगरची टोपली दोरीनं खाली आली. तिच्या तळाशी फाडलेला खालचा तुकडा होता आणि त्यावर लंबूच्या तिरप्या अक्षरात एकच शब्द होता : ‘जाईल.’

आता यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. पन्नाशी उलटलेले दोन बाप्ये आणि एकमेकांना चिठ्ठ्या. पण ब्रशकाकांना त्या शब्दानं धीर यायचा, हे खरं. तो शब्द लिहिणारा माणूस स्वतःही तेच सोसतो आहे, त्यानं वाचलं आहे, विचार केला आहे आणि मगच निकाल दिला आहे, असं त्यांना वाटायचं. ते तुकडे ते सदऱ्याच्या खिशात ठेवायचे आणि मन फारच उलटलं की बोटांनी चाचपायचे. तिसरा दिवस गेला. नववा गेला. विसावा गेला.

पंचविसाव्या दिवशी एक घोटाळा झाला. एका वकीलबाईंच्या काळ्या कोटाला टाचलेली ब्रशकाकांची चिठ्ठी तशीच इस्त्री होऊन त्यांच्या घरी पोचली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘आजवर तू काय शेवटाला नेलंस? डोक्यात. रोजचा.’ वकीलबाई नेमक्या त्याच दिवशी एक मोठा खटला हरून आल्या होत्या. त्यांनी काउंटरवर येऊन जो काही दांडपट्टा फिरवला, त्यात मालकीणबाई गप्प झाल्या. दुकानानं हा प्रकार पहिल्यांदाच पाहिला. ब्रशकाकांनी माफी मागितली, चिठ्ठी न पाहता मुठीत चुरगळली आणि कचऱ्यात टाकली. त्या चिठ्ठीचाही निकाल त्यांना आदल्या दिवशी आला होता. लंबू वाचून काढायला विसरला असेल, असं त्यांनी धरलं.

एकतिसाव्या दिवशी त्यांनी जे लिहिलं ते त्यांनी बायकोलाच काय, स्वतःलाही कधी उघड सांगितलं नव्हतं. ‘मी मेलो तर बायकोला सुटल्यासारखं वाटेल. घरात. बऱ्याच वर्षांचा.’ चिठ्ठी टाचताना टाचणी दोनदा हातातून निसटली. गठ्ठा वर गेल्यावर त्यांना वाटलं, धावत जाऊन ती काढून घ्यावी. त्या दिवशी टोपली येईपर्यंत त्यांनी एका पांढऱ्या सदऱ्याला भोक पाडून ठेवलं. टोपलीत तुकडा होता. ‘जाईल.’ ब्रशकाका कपड्यांच्या मागे जाऊन उभे राहिले आणि रडले. लंबूनं एवढं वाचलं, पण एका शब्दानं विचारलं नाही, उगाच कीव केली नाही, नेहमीसारखा निकाल दिला. मित्र असावा तर असा, असं त्यांना वाटलं.

मग नाक परत आलं. पस्तिसाव्या दिवसाच्या आसपास एका लहान मुलाच्या स्वेटरला त्यांना दुधाचा वास आला आणि ते दचकलेच. ओल्या लोकरीचा वास, औषधाचा वास, नव्या चामड्याच्या पट्ट्याचा वास. घरी जाऊन त्यांनी बायकोला विचारलं, “साबण बदललास का गं?”

“आठ वर्षं झाली,” बायको म्हणाली.

आता कपडा हातात आला की ते आधी हुंगायचे. न पाहता सांगायचे, हा चहा, हे रंगकाम, हा माणूस कुत्रा पाळतो. मालकीणबाईंनी ओळखीच्या गिऱ्हाइकांना हा खेळ दाखवायला सुरुवात केली.

महिनाअखेरीला कामगारांचे कपडे दुकान फुकट धुऊन द्यायचं. एक्केचाळिसाव्या दिवशी लंबूचा तपकिरी कोट टेबलावर आला. ब्रशकाकांनी सवयीनं तो नाकाशी नेला. सिगारेट.

पहिल्यांदा त्यांनी लंबूची बाजू घेतली. येता-जाता कोणीतरी शेजारी उभं राहून ओढत असेल. पण दुसऱ्याचा धूर कोटाच्या खांद्यांवर आणि पाठीवर बसतो. स्वतःचा धूर उजव्या बाहीच्या टोकाला बसतो. त्यांनी बाही हुंगली. मग खिसा उलटा केला. अस्तराच्या कोपऱ्यात तंबाखूचा चुरा होता, ओला, ताजा. ब्रशकाकांनी कोट उलटवून बाकीचे खिसे चाचपले.

आतल्या खिशात काहीतरी जाड लागलं. रबर लावलेला चिठ्ठ्यांच्या तुकड्यांचा गठ्ठा होता. सगळे खालचे अर्धे, नीट फाडून ठेवलेले. पहिल्यावर लिहिलं होतं, ‘जाईल.’ दुसऱ्यावरही तेच. एकाच शाईनं, एकाच बैठकीत लिहिलेले चौदा तुकडे. उद्याचा निकाल, परवाचा, पुढच्या आठवड्यातला. जे विचार ब्रशकाकांच्या मनात अजून आलेही नव्हते, त्यांचे निकाल तयार होते.

तेव्हा त्यांना वकीलबाईंची चिठ्ठी आठवली. न पाहता चुरगळली तरी मुठीत ती लांबट, अख्खी लागली होती. तिचा खालचा तुकडा जागच्या जागी होता.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती अशी. सिगारेट ओढली याचं दुःख त्यांना झालं, पण ते पोटात घालता आलं असतं. ते स्वतः दोनदा आपटले होते. पण रोज काळीज उघडं करून लिहिलेलं कोणी वाचलंच नव्हतं, याचा त्यांना संताप आला. आणि विचार तर वाटच पाहत होते. बघ, ते म्हणाले, तू टिकलास तो कशाच्या जोरावर, तर रद्दीच्या.

ते जिना चढले. लंबू एका पडद्याला इस्त्री करत होता. ब्रशकाकांनी गठ्ठा त्याच्यासमोर ठेवला. लंबूनं तो पाहिला आणि इस्त्री बंद केली.

“कधीपासून?”

“सिगारेट चौथ्या दिवशी,” लंबू म्हणाला. “हे पाचव्या.”

“एक तरी वाचलीस?”

“पहिल्या चार वाचल्या. अरे, वाचलं की मलाच ओढावीशी वाटायची. तू माझंच लिहितोयस असं वाटायचं.”

“मग तसं सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर तूही त्याच दिवशी पेटवली असतीस. खोटं बोलतोय का मी?”

हे खरं होतं, आणि त्याचा ब्रशकाकांना जास्तच राग आला. “बाकीच्यांचं काय केलंस?”

“फाडल्या.”

“न वाचता?”

“न वाचता.”

“एकतिसाव्या दिवसाचीसुद्धा?”

लंबूनं वर पाहिलं. “का? काय होतं त्यात?”

ब्रशकाका त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. बावीस वर्षांचा ओळखीचा चेहरा. खरोखरच काही माहीत नसलेला.

“काही नाही,” ते म्हणाले.

“पण तुझं काम तर झालं ना? सुटली ना तुझी? मी तुझ्या भल्यासाठीच केलं रे.”

“माझं भलं तू एका बैठकीत लिहून ठेवलंस. केसानं गळा कापलास माझा.”

ते खाली आले आणि थेट मागच्या दाराशी गेले. कुठे पाहायचं ते त्यांना ठाऊकच होतं. पाइपच्या मागे लंबूचं पाकीट होतं, आत काड्याही होत्या. त्यांनी एक सिगारेट काढून ओठांत धरली. आता कोणासाठी थांबायचं? ज्याच्या सोबतीनं एक्केचाळीस दिवस काढले तो सोबत नव्हताच. काडी ओढायला हात उचलला आणि त्यांच्या मनात आलं, ही लंबूची सिगारेट आहे. लंबूचं आता आपल्याला काही नको. त्यांनी ती तोंडातून काढली, मोडली आणि पाकिटासकट गटारात फेकली. त्या दिवशी त्यांना निर्धारानं वाचवलं असं कोणी म्हणू नये. रागानं वाचवलं.

घरी बायको बाहेर जायच्या कपड्यांत होती. टेबलावर फुलांचा गुच्छ होता.

“चला, हातपाय धुवा,” ती म्हणाली. “भावजींकडे जाऊन येऊ. चाळीस दिवस झाले की त्यांच्याकडे जायचं, असं मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. कालच जायचं होतं, तुम्हाला यायला उशीर झाला.”

“कशाला?”

“कशाला काय? आभार मानायला. ते नसते तर तुम्हाला जमलं असतं का? दोनदा पाहिलंय मी. त्यांनी तुमच्यासाठी स्वतःची सोडली. कोण करतं एवढं?”

ब्रशकाकांनी तोंड उघडलं. सगळं ओठांवर आलं होतं. पण लंबूनं वाचलं नाही असं सांगितलं की ती विचारणार, काय वाचलं नाही? तुम्ही असं लिहिलं होतंत तरी काय? आणि ती त्यांच्याकडे अशी पाहत होती की तिला सुटल्यासारखं वाटण्याचा काही संबंधच नव्हता. तिच्या कपाळावर काळजी होती आणि केसांना त्या आठ वर्षांच्या साबणाचा वास येत होता.

“मी एकट्यानं सोडली,” ते म्हणाले.

“काय?”

“त्याचा काही हात नाही. मी एकट्यानं सोडली.”

बायकोचा चेहरा उतरला. “असं बोलवतं तरी कसं तुम्हाला?” ती म्हणाली. “शोभत नाही हो. बावीस वर्षांचा मित्र आहे. थोडं यश आलं की माणूस असा होतो का?”

“तसं नाही.”

“मग कसं?”

त्यांना सांगता आलं नाही. तिनं टेबलावरची फुलं उचलली, चपला घातल्या आणि त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, “तुम्ही थांबा घरी. मीच जाते. दोघांच्या वतीनं मीच आभार मानते.”

ती निघाली. ब्रशकाका दारात उभे राहिले. जिना उतरणारी तिची पावलं ऐकू येईनाशी झाली तरी त्यांच्या तोंडून हाक निघाली नाही.